‘बसलो’ आणि ‘उठलो’

एखादी वस्तू अडली की ती बंद करून पुन्हा चालू करायची, हा साऱ्या जगाचा इलाज अप्पांना मान्य नव्हता. एकदा माझा मिक्सर थांबला. मी बटण दोनदा खालीवर केलं आणि तो गुमान चालायला लागला. तेवढ्यात खालून अप्पा जिना चढून वर आले.

“अक्का, बंद करा ते.”

“चालायलंय की अप्पा.”

“चालायलंय म्हणूनच म्हणायलो. कामून थांबला होता, कळलं का तुमाला?”

मला कळलं नव्हतं. मला शेंगांची चटणी हवी होती, ज्ञान नको होतं. अप्पा मिक्सर खाली घेऊन गेले, दिवसभर उघडून बसले आणि संध्याकाळी परत आणून दिला. आतली एक वायर जळत आली होती म्हणे. “बंद करून चालू करणं म्हंजे दुखण्यावर चादर घालणं,” असं सांगून ते उतरले. त्या दिवशी मी भाकरी दह्याशी खाल्ली आणि मनातल्या मनात त्यांना बरंच काही बोलून घेतलं.

अप्पा माझे घरमालक. कर्नाटकात, सीमेलगतच्या आळंदला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी चार वर्षं भाड्यानं राहिले. खजुरीच्या मराठी शाळेत शिकवायला होते, रोज बसनं जाऊन येऊन करायची. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, पण तिकडं बाईमाणसाला नावानं हाक मारायची रीत नाही, म्हणून मी अक्का. ते साऱ्या गल्लीचेच अप्पा होते.

बसस्टँडजवळ त्यांचं एकेकाळी मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. आसपासच्या विहिरी-बोअरवरच्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडं यायच्या आणि नवी तांब्याची तार गुंडाळून परत जायच्या. मोटर चालू केली की ते डोळे मिटून ऐकायचे आणि कुठला गुंडा, म्हणजे तारेचं कुठलं वेटोळं, गेलाय ते उघडायच्या आधीच सांगायचे. मी गेले तेव्हा दुकान कधीच बंद झालं होतं, पण हातांना ते मान्य नव्हतं. खालच्या खोलीत खिडकीशी एक लांब टेबल होतं आणि अप्पा तिथं असायचे. अंगात बंडी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि घड्याळवाले लावतात तसलं भिंग रबरी पट्ट्यानं डोक्याला बांधलेलं. भिंग वर सरकवलं की विभूतीवर एक गोल उमटायचा. तसेच ते बाजारात जायचे. कुणी हसायचं नाही, कारण निम्म्या बाजाराच्या मोटारी त्यांनीच बांधल्या होत्या.

त्यांच्या तीन भाषा होत्या आणि तिन्हींची कामं वाटून दिलेली. देवाशी आणि सोल्डरशी कानडी, माझ्याशी मराठी, आणि दुकानदारानं खराब माल दिला की दखनी. खालून “क्या रे मियाँ” ऐकू आलं की मी समजायची, आज कुणाची तरी धडगत नाही.

बिघाड शोधायची त्यांची रीत ठरलेली होती. चहा संपल्याशिवाय हत्याराला हात नाही. मग बोटांवर मोजायचे, “आधी करंट, मग वायर, मग जोड, मग आपण.” आपण म्हणजे काम करणारा माणूस. पहिल्या तीन जागा धड निघाल्या तर चूक आपल्यात आहे असं धरायचं आणि आपला हात, आपला डोळा, आपलं डोकं तपासायचं. हा क्रम ते कशालाही लावत. मी शाळेतून तणतणत आले की पायरीवरच विचारायचे, “करंट कुठनं आला अक्का? हेडमास्तर काय म्हणाले का?” मला हसू यायचं आणि राग अर्धा व्हायचा. चूक पाचव्या जागीही असू शकते, दुसऱ्याच कुणाच्या घरात, हे त्यांच्या मोजणीत कधी आलं नाही.

आणखी एक खोड होती, ती मला कधीच उलगडली नाही. निंबर्ग्याला त्यांचं थोडं तुरीचं रान होतं. तिथं जायची जवळची वाट शेजाऱ्याच्या शेतातून. त्या शेजाऱ्यानंच फार पूर्वी ‘हितनंच जात जावा’ म्हणून ती दिलेली. एका वर्षी त्यानं वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या. अप्पा काही न बोलता लांबच्या रस्त्यानं वळसा घालून जायला लागले. उन्हातून आले की तोंड लालबुंद.

मी म्हटलं, “अप्पा, एकदा त्याला विचारा की, कामून बंद केलास म्हणून.”

“दिला तवा मी इचारलो न्हाई कामून दिलास म्हणून. आता काढून घेतला तर कोणत्या तोंडानं इचारू?”

“अहो, पण चुकून टाकल्या असतील काट्या.”

“मग चुकून निघतील की.”

काट्या निघाल्या नाहीत आणि अप्पांचा वळसा चालूच राहिला. हा माणूस भोळा की ताठ, मला ठरवता यायचं नाही. त्यांच्या मते, जे कुणी आपणहून दिलं त्याची चौकशी करणं म्हणजे मागणं, आणि मागणं त्यांना जमत नव्हतं.

बोर्डाचं खूळ त्यांना सत्तरी ओलांडल्यावर लागलं. बोटाएवढा लांब हिरवट तुकडा, त्यावर नखाएवढी चिप, वायफायला जोडता येतो आणि हौशी लोक त्यावर घरातले दिवे-पंखे चालवतात, असला तो मायक्रोकंट्रोलर. मुलानं दिलेल्या जुन्या फोनवर अप्पांनी कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि मुलाकडूनच एक बोर्ड मागवून घेतला. एक सेकंडहँड लॅपटॉपही आला. कोड लिहायला ते शाळेतल्या मुलासारखे शिकले, आधी वहीत उतरवून काढायचे, मग एका बोटानं टाइप करायचे. त्या जुन्या फोनमध्ये सिम नव्हतं. बोलायला त्यांचा बटणांचा फोन वेगळा होता. तेव्हा फोनला काय नि बोर्डाला काय, नेट लागायचं ते माझ्या राउटरचं. पासवर्ड मी आपणहून दिला होता. “घ्या अप्पा, मला काय कमी पडणार आहे,” असं म्हणाले होते आणि म्हणताना स्वतःलाच फार बरं वाटलं होतं.

मुलगा बेंगळूरला नोकरीला. अप्पांची बायको जाऊन काही वर्षं झालेली. म्हातारा एकटा राहतो याची मुलाला धास्ती, आणि ‘घर बंद करा, इकडं या’ हा त्याचा धोशा. अप्पांचा जीव त्या घरात, त्यातूनही त्या टेबलात. फ्लॅटमध्ये सोल्डरचा धूर सुनेला चालणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शेवटी बापलेकांत तोड निघाली. अप्पा रोज सकाळी धड आहेत हे मुलाला कळलं पाहिजे, आणि तेही फोनवर बोलून नाही, कारण ‘बरा हाय’ तर अप्पा तापात असले तरी म्हणतात. मग अप्पांनी पूजेच्या पाटाखाली एक स्विच बसवला आणि त्याची वायर बोर्डाला जोडली.

सकाळी लिंगपूजेला अप्पा पाटावर बसले की बोर्डाचा निळा दिवा लुकलुकायचा आणि मुलाच्या फोनवर निरोप जायचा, ‘बसलो’. पूजा आटोपून उठले की दुसरा, ‘उठलो’. दिवसाचे दोन शब्द, एवढंच. हे निरोप येतायत तोवर मी तुम्हाला हलवणार नाही, आणि यायचे बंद झाले की येऊन घेऊन जाईन, असं मुलगा म्हणाला होता आणि अप्पांनी ते कबूल केलं होतं. त्यांचं आळंदचं राहणं त्या बोटभर बोर्डावर टिकून होतं, हे मला तेव्हाच माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

एका सकाळी ‘बसलो’ आलं आणि तास उलटला तरी ‘उठलो’ येईना. अप्पा फोन उचलेनात, म्हणून मुलानं मला फोन लावला. मी खजुरीला वर्गात, हातात खडू. शेजारच्या काकूंना फोन करून पळवलं. अप्पा अंगणात आरसा टेकवून दाढी करत बसले होते. स्विचचा दाब जोखायला त्यांनी पाटावर ज्वारीचं पोतं ठेवलं होतं आणि ते उचलायचं राहून गेलं होतं.

“पोतं बसलं पूजेला,” म्हणून ते हसले. गल्लीही हसली. मुलगा काही हसला नाही. अप्पांचे थोरले भाऊ शेवटी शेवटी पोटच्या पोरांना ओळखेनासे झाले होते आणि ती भीती त्या घरात बसलेली होती. अप्पांच्याही मनात होतीच. सगळे पांगल्यावर ते मला हळूच म्हणाले, “अक्का, मी इसरलो का? का कामात होतो म्हणून ऱ्हायलं?”

“कामात होतात अप्पा.”

“व्हय. कामातच होतो.” त्यांना माझा शब्द पुरला. माझ्या शब्दाला त्यांच्याकडं एवढी किंमत होती.

आता माझ्याकडं येते. मी तापट आहे. राग आला की हाताला लागेल ते करून बसते आणि मग निवले की ते निस्तरायचा मला कंटाळा येतो. लातूरच्या एका कॉलेजात जागा निघाली होती आणि मुलाखत ऑनलाइन होती. मी इस्त्रीची साडी नेसून, मागची भिंत पुसून बसले. ऐन प्रश्नात पडद्यावरची तिन्ही माणसं गोठली. मी वेड्यासारखी बोलतच होते. पुन्हा जोडणी लागली तोवर माझी वेळ संपली होती, आणि पुढं ती जागाही मला मिळाली नाही.

त्याच तिरमिरीत मी राउटरचं अ‍ॅप उघडलं. यादीत माझा फोन, माझा लॅपटॉप, अप्पांचा फोन, आणि खाली फिकट रंगात नुसती अक्षरं-आकडे असलेलं एक नाव. अप्पांचा बोर्ड. फिकट म्हणजे आत्ता जोडलेला नाही, हे मला नंतर कळलं. तेव्हा डोक्यात एकच सणक, माझं नेट हे खातात, खालची लुकलुक माझ्या जिवावर चाललीय. अ‍ॅपमध्ये एक सोय होती. आपण खूण करू त्यांनाच आत घ्यायचं, बाकी नवं-जुनं कुणीही आलं तरी दारातूनच परत. मी माझ्या दोन वस्तूंना खूण केली, अप्पांच्या फोनलाही केली, आणि बटण दाबलं. फोन तेवढा राहू दिला, यात मला माझा मोठेपणा दिसला होता.

दुसऱ्या दिवशी कळलं की रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली होती आणि निम्म्या गावाचं नेट गेलं होतं. बोर्डाचा काडीचा संबंध नव्हता. मी बटण परत फिरवायला हवं होतं. पण जागेच्या दुःखात ते माझ्या डोक्यातून पार गेलं. इथपर्यंतचं मी स्वतःला माफ करू शकते.

तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर अप्पा जिन्यात. वर आले नाहीत, मधल्या पायरीवरच थांबले.

“अक्का, तुमचं नेट चालायलंय न्हवं?”

त्या क्षणी मला ते बटण आठवलं. लख्ख आठवलं.

“चालायलंय की अप्पा,” मी म्हणाले.

“व्हय, फोनवर बी चालायलंय. नाव दिसायलंय, पासवर्ड बी त्योच हाय. मग बोर्डाला कामून लागंना? नुसते ठिपके टाकायलाय.” बोर्ड वायफायला जोडायची खटपट करत असला की लॅपटॉपच्या पडद्यावर एकेक ठिपका उमटत जातो आणि जोडला गेला की थांबतो. अप्पांच्या पडद्यावर तीन दिवस ठिपकेच चालले होते. “आसू द्या. माझंच कायतरी चुकायलंय. करंटापासनं बघतो.”

ते उतरले. मी वरच्या पायरीवर पर्स घेऊन उभी. त्यांना हाक मारून सांगायला किती वेळ लागला असता? पण मग बंद का केलं, तेही सांगावं लागलं असतं. तुमच्यामुळं माझी नोकरी गेली असं मला वाटलं, आणि तसं नव्हतं हे कळूनही मी तसंच ठेवलं, हे त्या माणसाला तोंडावर सांगायची मला लाज वाटली. त्यांनी दुसरं काही विचारलं असतं, ‘तुमी काय बदललाव का’ एवढं जरी, तर मी खोटं बोलले नसते असं मला वाटतं. ते विचारणार नव्हते. नेट मी दिलेलं होतं.

गुपचूप चालू करायचंही मनात आलं. पण आत्ता विचारून गेले आणि आत्ता लागलं, तर त्यांना कळल्यावाचून राहील? मोटारीच्या घरघरीवरून गुंडा ओळखणारा माणूस तो. दोन दिवस जाऊ द्यावेत असं ठरवलं. त्या दोन दिवसांत उदगीरहून भावाचा फोन आला, आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. सुट्टी टाकून मी गेले ती पंधरा दिवस तिकडंच. ते बटण घरच्या नेटवर असतानाच दाबता यायचं. तिथं मला अप्पा आठवले नाहीत असं नाही, पण आठवले की मी आईच्या डोळ्यांत औषध घालायला उठायची.

परत आले तेव्हा बॅग खाली ठेवायच्या आधी मी ते बटण फिरवलं. मग पाय धुऊन, आईनं दिलेले लाडू घेऊन खाली गेले. आता दिवा लुकलुकत असेल, अप्पा हसत असतील, आणि माझी सुटका होईल, असा माझा हिशेब होता.

टेबल ओळखू येईना. चार चार्जर, केबलींचा गुंता, वायरींचे तुकडे, जळका वास. मध्ये एक कोरा बोर्ड, मुलाकडून नवा मागवलेला. तोही जोडला गेला नव्हता, आणि तिथंच अप्पा खचले होते. निरोप थांबल्यापासून मुलगा रोज फोन करत होता आणि बोर्ड लागायला त्यानं शनिवारपर्यंतची मुदत दिली होती.

“दोन बोर्ड एकदम वाईट निघत न्हाईत अक्का,” ते म्हणाले. “करंट बघितलो. वायर बघितलो. जोड सगळे नव्यानं केलो. आता ऱ्हायलो मीच.”

त्यांची दाढी वाढली होती. विभूती होती, पण भिंगाचा गोल नव्हता. मी म्हटलं, आता लावून बघा. त्यांनी लावला. ठिपके चालूच राहिले. मला काही समजेना. मी तर दार उघडून आले होते.

त्यांनी मला लॅपटॉपसमोर बसवलं. “तुमी वाचा, मी वहीत बघतो. माझ्या डोळ्याचा भरवसा न्हाई आता.”

मी वाचायला लागले. कोडमध्ये दोन तिरक्या रेघा मारून पुढं काही लिहिलं तर यंत्र ते वाचत नाही. माणसानं माणसासाठी ठेवलेली ती चिठ्ठी असते. अप्पांच्या चिठ्ठ्या मराठीत होत्या. वायफायच्या ओळीच्या वर लिहिलं होतं, ‘हे नेट वरच्या अक्कांचं हाय. निरोप गेला की लगेच सोडणे.’ आणि खाली तसंच केलेलं होतं. निरोप गेला की बोर्ड नेट सोडून झोपी जायचा. दिवसातून दोनदा, घोटभर चहा पिण्याइतका वेळ, एवढंच माझं नेट त्यांनी वापरलं होतं.

ती ओळ मी मोठ्यानं वाचली.

“ते सोडा,” अप्पा म्हणाले, “ते मशीनसाठी न्हाई.”

मी सोडलं आणि पुढची ओळ वाचली. त्या वेळी बोलायला हवं होतं. त्याच्याहून सोपी वेळ मला पुन्हा मिळाली नाही.

तासाभरात तीन चुका सापडल्या. एका ठिकाणी, स्विचची वायर लावायच्या पिनचा आकडा चुकलेला. पासवर्डातलं एक लहान अक्षर मोठं झालेलं. आणि जुना बोर्ड तर चुकीचा चार्जर लागून जळूनच गेलेला. तिन्ही चुका अप्पांच्या, पण मी उदगीरला गेले तेव्हा यातली एकही नव्हती. नसलेला बिघाड शोधता शोधता, सतरा वेळा काढ-घाल करून, त्यांनी हे खरे बिघाड करून ठेवले होते. मला ते दिसत होतं. त्यांना एवढंच दिसत होतं की चुका आपल्या हातच्या आहेत.

“एवढ्या चुका मी करत न्हवतो, अक्का.”

“अप्पा, आता दुरुस्त केल्यात ना? लावा. शंभर टक्के लागेल. माझं ऐका.”

“लागंल. पण आधी कामून लागंना होतं, ते कळलं का?”

मला कळलेलं होतं. सगळ्या आळंदमध्ये ते फक्त मला माहीत होतं. मी लाडवाचा डबा पुढं सरकवला. अप्पांनी लॅपटॉपचं झाकण खाली केलं आणि त्यानंतर ते त्या टेबलाशी बसलेले मी पाहिले नाहीत.

शनिवारी मुलगा आला. वाईट माणूस नव्हे तो. बापाशी वरच्या आवाजात एक शब्द बोलला नाही. त्यानं जळका बोर्ड पाहिला, खाडाखोडीनं भरलेली वही पाहिली, आणि त्याला ज्वारीचं पोतं आठवलं असणार. मी चहा घेऊन खाली गेले होते. अप्पा पाटावर बसावं तसे जमिनीवर बसले होते आणि मुलाला म्हणत होते, “माझं डोकं बरोबर चालंना बाबा. थोरल्याचं सुरू झालं तसंच वाटायलंय.”

मुलानं वाद घातला असता, बापाला टाकून बोलला असता, तर मी मध्ये पडले असते असं मी स्वतःला सांगत असते. तो नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसला. त्या दोघांच्या मध्ये मी माझं ते बटण कुठं आणू? मी कप ठेवले आणि वर आले.

निघताना अप्पांनी मला पाण्याच्या टाकीचा कॉक दाखवला, मीटरच्या फ्यूजची तार कुठं ठेवली ते सांगितलं. रिक्षात बसायच्या आधी म्हणाले, “तुमचं नेट लई वापरलो अक्का. मनात ठेवू नका.”

ते गेल्यावर मी आणखी सहा-सात महिने तिथं होते. खालची खोली बंद. सकाळी शाळेला जाताना मी त्या दारावरून लवकर लवकर जायची. अप्पांचं कसं आहे म्हणून फोन करायचा धीर मला झाला नाही. मग एक दिवस मुलाचाच फोन आला. घर विकायचं ठरलंय, महिन्याभरात दुसरी जागा बघा म्हणाला. अप्पांना डॉक्टरला दाखवलं होतं, विसरण्यावरच्या गोळ्या चालू होत्या. “बरे आहेत, शांत आहेत,” तो म्हणाला. “खिडकीत बसून असतात.”

मी म्हटलं, अप्पांना द्या.

अप्पांचा आवाज बारीक झाला होता. मी मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू करू शकले नसते, म्हणून एका दमात सगळं सांगितलं. मुलाखत, राग, यादी, खूण, बटण, जिन्यातलं ‘चालायलंय की’. मी रडत होते की काय ते आठवत नाही.  मग त्यांनी विचारलं,

“म्हंजे बोर्ड बरोबर होता?”

“होय अप्पा.”

“नवा बी?”

“तो पण.”

“कोड? माझे जोड?”

“सगळं बरोबर होतं. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. मी बंद केलं होतं.”

ते माझ्यावर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी रागवावं म्हणून तर मी सांगत होते. पण ते माझ्याबद्दल बोललेच नाहीत. “म्हंजे डोकं बरोबर होतं की माझं,” एवढं स्वतःशी म्हणाले. मग घाईघाईनं, “अक्का, हे जरा पोराला सांगा. मी सांगितलो तर ऐकायचा न्हाई. तुमी शाळेतल्या मास्तरीण हाव, तुमचं ऐकंल. थांबा, देतो.”

मी मुलाला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यानं मधे एकदाही तोडलं नाही, शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“मॅडम,” मग तो हलक्या आवाजात म्हणाला, “तुमचं मन मोठं आहे. त्यांना बरं वाटावं म्हणून तुम्ही बोलताय, मला कळतंय. पण असं सांगू नका त्यांना. मी टेबल बघितलंय, वही बघितलीय. मोठ्या मुश्किलीनं इथं रमलेत. आता पुन्हा गावाकडं जायचं काढतील.”

“अहो, मी खरं सांगतेय. माझ्या आईशप्पथ.”

“हो मॅडम. थँक्यू.”

मागून अप्पांचा आवाज येत होता, उतावीळ, “सांगितल्या का? काय म्हणल्या? सांगितल्या का?”

“सांगितल्या अप्पा,” मुलगा म्हणाला, “तुमचं सगळं बरोबर होतं म्हणाल्या. आता गोळी घ्या.” वही न बघताच आम्ही मास्तर लोक पोरांना ‘छान, छान’ म्हणतो, त्या आवाजात. अप्पांशी त्या आवाजात कुणी बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.